काचेची जमीन

मांडवीच्या ग्रंथालयात कपाटांमधली जमीन काचेची आहे.
वरच्या मजल्यावर कुणी चाललं
की खालच्या पुस्तकांवरून त्याची सावली सरकते,
तळव्यांपुरती.
हंसाबेन म्हणाल्या, धीमे चालजो बेन,
काच काही फुटत नाही,
पण खालच्यांना कळतं.

मी आले होते माझ्या राक्षसाला दाखला मिळवायला.
तिसरा खंड छपाईला निघालाय
आणि प्रकाशकाला सुरुवातीला एक पान हवंय :
हे विश्व कुठून आलं.
दोन मुलाखतींत मी सांगून बसलेय
की जलराट मला तापात दिसला.
चाळीस हात लांब, पाठीवर खवल्यांची तटबंदी,
पोटात पेटता दिवा,
म्हणून रात्री डोळे लाल.
सगळा माझा. शेपटीसकट.

कपाट एकोणीस, खालून दुसरा कप्पा.
मोरेश्वर पागनीस,
संस्थानात पूरमापनाचे कारकून, पगार बावीस रुपये.
काम एवढंच, विश्वामित्रीत पट्टी बुडवायची
आणि आकडा लिहायचा.
उरलेल्या रात्रींत या माणसाने
एक राज्य लिहिलं,
जिथल्या नदीला पट्टीच पुरत नाही.

पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं,
आणि मुखपृष्ठ नसलेलं ते पुस्तक
मी नऊ वर्षांची असताना वाचलं होतं.
गोवर निघाला होता. दांडियाबाजारात,
आत्याच्या शिवणयंत्राखाली,
चिंध्यांच्या गादीवर.
मग विसरले.
विसरले म्हणजे काय,
गिळलं.

पान एकशे बारा. दिवा तिथेच होता,
जळत.

कानाच्या पाळ्या तापल्या.
तशीच नकाशा उघडत गेले, चार घड्यांचा,
घड्यांवर झिजून भोकं पडलेला :
सपाट मुलखात एकटाच डोंगर.
हा तर पावागढ,
आभाळ धुतलेलं असलं की गच्चीवरून दिसणारा.
पागनीसांनी त्याचं नाव बदलून ठेवलं एकलगड,
मी ठेवलं मौनशिखर,
आणि माझी पुस्तकं वाचून गेम बनवणाऱ्या
पुण्याच्या एका मुलाने
त्यावर बर्फ टाकलं.
आता कुठकुठली पोरं त्या उतारावर घसरतात
आणि त्यांना ठाऊक नाही
की बर्फाखाली पंचमहालचे पळस आहेत,
एक बकरी आहे,
जी पागनीसांनी उगाच तिथे बांधली
आणि मीही, का कोण जाणे, सोडली नाही.

शेवटच्या कोऱ्या पानावर शाई होती. कारकुनी वळण.
'ग्रंथालयास सप्रेम. खुलासा :
दिव्याची कल्पना माझी नव्हे.
भीमनाथाजवळ मंगळ नावाचा नावाडी असे.
तो सांगे, मगरीने एका वरातीची मशाल गिळली
ती अद्याप विझली नाही.
त्यास एक आणा दिला.
फार स्वस्त पडले.'

मंगळला कुणी दिली, किती पैशांना,
ते लिहिलेलं नाही.

मी काचेतून खाली पाहिलं.
खालच्या मजल्यावर कुणी तरी उभं होतं,
तोंड वर करून,
किंवा पंख्याची सावली असेल.
हंसाबेन दिवे मालवायला लागल्या होत्या.

ऑगस्टमध्ये नदी आमच्या सोसायटीत आली.
पार्किंगमध्ये, आडव्या पडलेल्या स्कूटरांच्या मधोमध,
मगर.
वीज नव्हती. वनखात्याची माणसं
दोर घेऊन निघालीत म्हणे, निघालीतच.
आम्ही सगळे जिन्यात, एकमेकांच्या खांद्यावरून बघत.
चौथ्या मजल्यावरच्या हेत्वीने, वय वर्षं सहा,
मोबाइलचा उजेड पाण्यावर धरला.
दोन डोळे पेटले.

कुणी रामाचं नाव घेतलं, कुणी फोटो.
ती मात्र माझी बाही ओढून हळूच म्हणाली,
एना पेटमां चार्जिंग छे.

माझं ते पान अजून कोरंच होतं.
पर्समध्ये सुटे पैसे चाचपत
मी तिच्या कानाशी वाकले.
किती टक्के?

तिने डोळे बारीक केले,
मगरीच्या पोटाकडे नीट पाहिलं.

सित्तेर, म्हणाली. पण उतरतंय.