शून्य ते दहा

बेटावरच्या दवाखान्यात फॉर्म एकच.
शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही,
मधे एक चौकोन, त्यात आकडा लिहायचा.

तुरबोर्ग गमबूट न काढताच बसली.
बरगडीवरून पाठीकडे फोडांचा पट्टा.
इथल्या बोलीत या आजाराचं नाव नरकाची आग.
ती ते नाव घेत नाही. म्हणते, आगीनं ऊब तरी मिळते.

किती दुखतंय, मी विचारलं.
"किती नाही गं. कसं, ते विचार."

सकाळी, म्हणाली, ओला लोकरी स्वेटर
उलटा चढवल्यासारखं,
टाक्याटाक्याला काटा.
दुपारी आतून कुणी जाळं ओढतं.
जाळं माझंच. मासाही मीच.
रात्री मासळीच्या रिकाम्या मांडवांतून वारा शिरतो ना,
लाकूड नुसतं घुमत राहतं,
तसं हाडांतून.

मी पेन चौकोनावर धरून होते.
छपरावर समुद्रपक्षी पाय आपटत होते.

"लहानपणी मी कॉडच्या जिभा कापायचे.
सगळीच पोरं कापायची, शाळा सुटली की.
उभ्या खिळ्यावर मुंडकं टोचायचं, सुरी फिरवायची,
जीभ बादलीत. किलोमागे पैसे.
एकदा खिळा तळहातातून आरपार गेला.
कळ नाही, काही नाही.
हात माझा नव्हताच,
शेजारच्या हिल्डूरचा असावा असा मी त्याच्याकडे बघत होते.
मग परत आला माझ्याकडे,
आधी मुंग्या, मग ठणका,
आणि त्यांच्यामागून
अख्खा समुद्र, कानांच्या पाळ्यांपर्यंत.
याला काय देशील, चार?"

मी म्हटलं, डॉक्टर पलीकडे, मुख्य भूमीवर बसतात.
आकडा गेला नाही तर गोळ्या येत नाहीत.

तिनं तळहात उलटा करून पाहिला.
तिथं एक पांढरा ठिपका, मसुराएवढा.
"मग सात लिही."
आत्ताचं सात?
"नाही. तेव्हा सात वर्षांची होते."

लिहिलं.
स्वेटर घालताना तिनं दात आवळले,
एक बाही तशीच लोंबत ठेवली.
दारातून म्हणाली, ते जाळ्याचं मात्र
कुठंतरी लिहून ठेव.

लिहिलं आहे.
कागदाच्या मागच्या बाजूला,
जी स्कॅन होत नाही.