मागे घेताना

हॅरिस बेटाच्या पूर्वेला रस्ता एकच गाडी मावेल एवढा.
मधूनमधून त्याला फुगवटा येतो,
अजगरानं काहीतरी गिळल्यासारखा.
तिथं थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं,
आणि जाणाऱ्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं.
एकच. पहिलं.
सबंध हात हलवतात ते पाहुणे.

मी इफी मॅकॅस्किल. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते,
एकोणीस वर्षं. पाठीशी अडीच हजार पुस्तकं,
डावा आरसा चिकटपट्टीनं बांधलेला, त्यात नुसतं आभाळ दिसतं,
आणि त्या मंगळवारी पुढे
नारिंगी जाकिटातला एक सायकलवाला.

एक फुगवटा गेला. थांबला नाही.
दुसरा गेला.
तिसऱ्याला मी हॉर्न दिला, खाकरल्यासारखा.
चौथ्याला दिला तो खाकरल्यासारखा नव्हता.
त्यानं मान न वळवता बोट वर केलं.
एकच, पण मधलं.

पेगीबाई फाटकाशी उभी असेल,
मोठ्या टायपातली खुनाची गोष्ट हातात घेऊन,
शेवटची चार पानं कुणी फाडली ते मला विचारायला,
आणि हा राजा मधोमध चाललाय,
बापानं रस्ता आंदण दिल्यासारखा.
मी जे बोलले ते माझ्या गाडीतल्या
एकाही पुस्तकात छापलेलं नाही.
धर्मग्रंथांचं कपाट पाठीमागेच होतं. असो.

मेंढ्या अडवायच्या लोखंडी जाळीपाशी तो उतरला,
सायकल टेकवली, चालत खिडकीशी आला.
मी काच खाली केली.
दोघांनी एकदमच तोंड उघडलं

आणि वळणावरून कॅलम इयनचा ट्रक आला,
टाकीत जिवंत सामन मासे, पाणी हिंदकळतंय.
तो चढ ट्रकला मागे उतरता येत नाही.
म्हणजे मी.
फुगवटा दीडशे पावलं मागे,
उजवीकडे खडक, डावीकडे तळं,
काळं, किती खोल ते कुणी मोजलेलं नाही.
आणि आरसा तो तसा.

मी काही मागितलं नाही.
तोही काही म्हणाला नाही. गाडीमागे गेला,
उजव्या आरशात उभा राहिला.
हात वर. ये. ये. अजून ये.
तळहात आडवा : सावकाश.
मूठ : थांब.
मग अंगठा आणि बोट यांमध्ये जरासा उजेड धरून दाखवला,
चाक आणि तळं यांमध्ये उरलेला.
तोच हात. तोच हातमोजा, अंगठ्याशी उसवलेला.
मी त्या हाताच्या भरवशावर
अडीच हजार पुस्तकं पाण्याच्या काठानं मागे नेली.

गाडी मागे घेता येते.
बाकीचं घेता येतं का, ते आम्ही कुणीच करून पाहिलं नाही.

कॅलम गेला. एक बोट मला,
एक त्याला.

मग तो म्हणाला, ओठ निळे, दाढीत खारं पाणी,
"कडेला गेलो की वारा तळ्यात ढकलतो."
एवढंच.
मी तळ्याकडे पाहिलं.
एकोणीस वर्षं वारा माझ्यासाठी
सैल झालेल्या काचेचा आवाज होता.
मी म्हटलं, "पुढे एक म्हातारी उभी आहे."
त्यानं मान हलवली.
थर्मासातला चहा मी दिला नाही.
ते आता वाटतं.

पुढच्या फुगवट्यात तो आत सरला,
एक पाय जमिनीवर, सायकल दोन्ही हातांनी धरून,
बिथरलेल्या वासराची शिंगं धरावीत तशी.
मी जाताना बोट उचललं. पहिलं.
आरशात पाहिलं :
सबंध हात हलवत होता,
त्या वाऱ्यात, तोल जाईल इतका.
पाहुणाच.

पेगीबाईनं पुस्तकाआधी घड्याळ पुढे केलं.
रस्त्यावर सायकलवाले असणार, ती म्हणाली,
यांना ना कर ना लाज.
मी पायरी खाली सोडली, तिचा हात धरला.
"वारा होता," म्हटलं.