चार खोल्यांच्या गेस्टहाउसमधून उत्तर

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, माफ करा,
इंटरनेट इथे वाऱ्याच्या मर्जीवर चालतं.
हो, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खोली मोकळी आहे,
समुद्राकडची, निळ्या दाराची.
दार जरा अडतं. खांद्याने ढकलायचं.

टोंगाच्या मोठ्या बेटावरून इकडचं विमान अगदी छोटं.
सामानाबरोबर तुम्हालाही काट्यावर उभं करतील.
लाजू नका,
आमच्याकडे वजन लपवायची पद्धत नाही.
दहा किलो सामान, त्यात एक स्वेटर असू द्या;
पोस्टकार्डावर नारळ दिसतात, वारा दिसत नाही,
आणि ओल्या अंगाला होडीत तो झोंबतो.
आल्याच्या वड्या आणा.
पोटात ढवळलं की क्षितिजाकडे बघायचं,
फोनकडे बघितलंत तर मेलात.

होडी सोमवार ते शनिवार.
रविवारी नाही. दुप्पट पैसे दिलेत तरी नाही.
रविवारी इथे कायद्यानेच सगळं बंद:
दुकानं, विमान, होड्या.
सकाळी चर्चमध्ये असे काही गातात
की मागच्या वर्षी एका पाहुण्याने कानात कापूस घातला
आणि दुसऱ्या कडव्याला काढला.
मग जमिनीतल्या भट्टीतलं जेवण,
नारळाच्या दुधात शिजलेलं अळू,
आणि सगळ्या बेटाला एकदम लागलेली झोप.
देवमाशांनाही त्या दिवशी आमच्यापासून सुट्टी.

तुम्ही विचारलंय, नक्की दिसतील ना?
माझा भाऊ सेमीसी, होडी त्याची,
तो पाटीवर ‘शंभर टक्के’ रंगवणार होता.
मी ब्रश काढून घेतला.
त्या दक्षिणेच्या बर्फातून येतात,
महिनोन् महिने उपाशी,
आमच्या कोमट उथळ पाण्यात मोकळं व्हायला.
बाळंतिणीच्या दारात किती वेळ उभं राहायचं
हे तुमच्याकडेही ठाऊक असेलच.
पाण्यात एका वेळी चौघंच. हात आपल्याजवळ.
ती वळली, की आपणही वळायचं.

किनाऱ्यावर पालथ्या बादलीवर
माझे सासरे बसलेले असतील, फिनेआसी.
तुम्ही न विचारताच सांगतील,
अकराव्या वर्षी बापाच्या होडीत ते पाणी उपसायचे,
भाला बापाच्या हातात.
आधी पिल्लाला मारायचं.
मग आई कुठे जात नाही.
पुढे राजाने बंदी घातली.
त्या दिवशी बरं वाटलं की वाईट,
हे विचारलं तर मात्र त्यांना ऐकू येत नाही.

आता मोसमभर ते पिल्लं मोजतात.
स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा,
गेल्या साली सदतीस.
एकच पिल्लू तीनदा मोजलं असेल,
आम्ही दुरुस्त करत नाही.
भिंतीला चुना लावायचा राहिलाय तो त्यामुळेच.
होडीत या म्हटलं तर येत नाहीत.

रात्री वारा पडला तर खिडकी उघडी ठेवा.
श्वास ऐकू येतो, खडकापलीकडून.
एक मोठा, फुटलेल्या नळासारखा.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक बारीकसा, घाईतला.
त्या दोन श्वासांच्या मधे
माझ्या कितीतरी पाहुण्यांची झोप उडालीय,
आतापर्यंत कुणी तक्रार केलेली नाही.

अजून एक.
एप्रिलच्या पत्रात तुम्ही ‘आम्ही दोघं’ लिहिलं होतं.
कालच्या पत्रात ‘मी’.
हिशेब मी एकाचाच धरलाय.
खोलीत खाटा दोन आहेत, जोडून लावलेल्या.
एक बाहेर काढू की राहू दे,
तेवढं कळवा.
नाही सुचलं तर नका कळवू,
आल्यावर बघू.

सेमीसी विमानतळावर येईल.
त्याच्या गाडीचा पुढचा दिवा एकच चालतो,
लांबूनच ओळखाल.

कालोलाइने