त्या रात्री सोडून

मॅडम विचारतात, त्या रात्री काय ऐकलं?
हेळ्री अक्का.
त्या रात्री काहीच नाही.
वडगावात रात्रीचे माग चालतात, मॅडम.
आमचे चार, त्यांचे दोन, पलीकडं कुलगोडांचे आठ.
त्या खटक्यात माणूस ओरडला
तर सूत तुटल्याएवढं पण कळत नाही.

त्या कानडीत लिहून घेतात.
एवढं बोललो, त्याची एक ओळ झाली.

त्या रात्रीचं राहू दे.
संक्रांतीचं विचारा.
संक्रांतीला रेणुकाचा आवाज बसला होता.
थंडी बाधली म्हणाली. मी ओवा दिला, हळददूध दिलं.
डोळ्याच्या पांढऱ्यात बारीक लाल ठिपके,
नाचणी सांडल्यागत.
शिमग्यापर्यंत गळ्याचा मफलर सुटला नाही.
थंडीला बोटं असतात
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गिरणीचं विचारा.
जायला तीन मिनटं, यायला तीन, दळणाला दहा.
बाळेश दारात मोबाईलवर घड्याळ लावून उभा.
आम्ही हसायचो. लई जीव आहे म्हणायचो बायकोवर.
पीठ जाडं आलं तरी
ती परत घालायला थांबायची नाही.

त्याच्या हातून मांजर मेलं, ते विचारा.
मारताना तो तिच्याकडं बघत होता,
मांजराकडं नाही.

'मारून टाकतो की हिला एक दिवस,'
हे आमच्या कट्ट्यावर बसून किती वेळा म्हणाला?
मोजलं नाही.
चहा माझ्या घरचा असायचा.

मॅडम पेन थांबवतात. आधी तक्रार का नाही दिली?
आली होती की. ह्याच बाकावर बसली होती.
तिचं माहेर चंदगडकडचं, कानडी यायचं नाही.
तेव्हाचे साहेब म्हणाले, अॅडजस्ट माडकोळ्री.
तेवढं कानडी तिला कळलं.

मग एका गुरुवारी पिशवी आणून दिली माझ्याकडं.
दोन साड्या, पोराचा दाखला, बँकेचं पुस्तक.
सोमवारी सकाळच्या चंदगड गाडीनं मी जातो म्हणाली.
(आमच्यात बाया पण जातो म्हणतात.
तुमच्या कानडीत दोन्ही एकच.)
कुणाला सांगू नको अक्का.
मी नाही सांगितलं.
बाईनं जायचं ठरवलं की
घराला वास येत असेल.

शनिवारी बाळेश बदलला.
शिवी नाही, हात नाही.
पोराला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरला.
रविवारी अर्धा किलो कुंदा आणून घरोघर वाटला.
'चुकलं माझं, आता बघा तुम्ही.'
गरम होता. पुड्याला तूप सुटलं होतं.
मी खाल्ला.
खाऊन हात पुसला, आणि मोरीपाशी रेणुकाला म्हटलं,
बघ की, सुधारला.
सोमवारचं जरा राहू दे.

हे लिहा, मॅडम.
हे कानडीत कसं होतं ते मला वाचून दाखवा.

त्या नाही लिहीत.
कागद फिरवतात, बोट ठेवतात. इल्ली सही.
मी मराठीत सही करतो,
काय लिहिलंय त्याच्याखाली.

पोराला मामा घेऊन गेला,
पुढच्या सोमवारच्या गाडीनं, दाखल्याशिवाय.
पिशवी माझ्याकडंच आहे.
तिचं काही विचारलं नाही कुणी.