कुरामोचींचा खांब

मात्सुमोतोच्या उत्तरेला, सफरचंदांच्या बागांपलीकडे
कुरामोचींच्या अंगणात विजेचा एक खांब आहे,
फक्त त्यांचा.
शेजाऱ्यांचे फ्रिज, पंप, मुलांचे चार्जर
यांतून उष्टी होऊन आलेली वीज
त्यांच्या ॲम्प्लिफायरला चालत नाही.
खांबाला एका गाडीइतके पैसे पडले.
त्या वर्षी बायकोने कानाला खडा लावला:
या माणसाला पुन्हा हिशेब विचारायचा नाही.

हिराबायाशी येतात दर गुरुवारी.
सुवाच्या घड्याळ कारखान्यात एकतीस वर्षं
स्फटिकांचं थरथरणं मोजलेला माणूस.
काडेपेटीएवढं यंत्र खिशातून काढून टेबलावर ठेवतात.
"यात तुमचं अख्खं कपाट मावतं, कुरामोचीसान."

मग सुरू.
"सेकंदाचे चव्वेचाळीस हजार तुकडे करता,
मधल्या फटींतून सांडतं त्याचं काय?"
"सांडत नाही. गणित आहे."
"गणिताला कान असतात?"
"तुमच्या सुईला तरी कुठे आहेत? खरवडते नुसती.
दर खेपेला थोडी तबकडी खाते."

मी कोपऱ्यात, पियानोच्या पोटात हात घालून.
मुलगी नागोयाला गेली, पियानो राहिला,
कुणी वाजवत नाही, तरी वर्षातून दोनदा मला बोलावतात.
"तोमिएसान, तुमचे कान पोटापाण्याचे. तुम्ही सांगा."
मी म्हणते, तार ताणलेली आहे, आता बोलवत नाही.

शेवटचा पुरावा ठरलेला असायचा:
चेलोची एक रेकॉर्ड, साप्पोरोच्या छोट्या कंपनीची, तीनशेच प्रती.
पाठीवर छापलेलं: फीत ते तबकडी, मध्ये एकही आकडा नाही.
कुरामोची डोळे मिटायचे.
बो तारेवर टेकण्याआधी
ती बाई श्वास घेते.
"हा. हा श्वास तुमच्या डबीत येईल?"
अकरा वर्षं हिराबायाशी
यावर गप्प बसून चहा संपवत आले.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं.
अतिशय नम्र. तीन वेळा क्षमा.
मूळ फीत जीर्ण होती, म्हणून तबकडी कापण्याआधी
एका पायरीवर, ध चा मा व्हावा तसा,
ध्वनीचा आकडा झाला होता.
हवे असल्यास पैसे परत.

त्या गुरुवारी मी होते.
पत्र टेबलावर उघडंच, कोपऱ्यावर चहाचा गोल डाग.
हिराबायाशींनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
मला वाटलं, आता अकरा वर्षांचं व्याजासकट वसूल होणार;
मी हातातली किल्ली खाली ठेवली.
त्यांनी पत्र मूळच्याच घड्यांवर मिटलं.
"लावा ना तीच."

रॉकेलच्या शेगडीचा वास. तारेवरून बर्फ घसरल्याचा आवाज.
कुरामोचींनी या वेळी डोळे मिटले नाहीत,
सुईकडे पाहत राहिले,
ओळखीच्या माणसाकडे आपण भांडणानंतर पाहतो तसे.
तिने श्वास घेतला.
तेवढाच. तिथेच.

बाजू संपल्यावर हिराबायाशी म्हणाले,
"खरं सांगू? तुमच्याकडे तो श्वास जरा जवळून येतो."
"खोटं बोलू नका."
"थोडंसंच बोललो."

मी पुन्हा पंचमावर आले.
शुद्ध लावता येतो मला, डोळे झाकून.
पण शुद्ध लावत लावत गेलं
की बारावा पंचम कोल्ह्यासारखा विव्हळतो.
म्हणून प्रत्येकाला केसभर उतरवायचं,
कुणाला कळणार नाही इतपत.
चाळीस वर्षं हेच करते आहे
आणि लोक म्हणतात, सुरेल झाला.
हे त्या दोघांना मी सांगितलेलं नाही.

अंधार पडता पडता हिराबायाशी बूट चढवायला बसले.
एक नाडी बांधून झाल्यावर वर न बघता म्हणाले,
"तो खांब मात्र, कुरामोचीसान..."

"खांबाबद्दल एक शब्द बोलायचा नाही."