डावी बाजू

हलच्या मंडईत, मासळीच्या गाळ्यापलीकडे,
रेबवारच्या टपरीत इअरफोन लोंबतात
सुकत घातलेल्या बोंबलांसारखे.
मी आधीच सांगितलं: पंधरा पौंड, वर एक पेनी नाही.
तो म्हणाला, ऐकणार काय?
घोडं तिथेच अडलं.

कारण मी सगळंच ऐकते.
सकाळी सहाला मारवा,
रात्रपाळी संपली की तीच माझी संध्याकाळ.
मग ग्राझिनाने दिलेली तिच्या गावच्या बायकांची गाणी,
ज्यांत दोन सूर मुद्दाम एकमेकांना घासतात
आणि कुणीच माघार घेत नाही.
भाच्याने इचलकरंजीहून धाडलेलं रॅप,
मागे ठेक्याला खरा यंत्रमाग.
आणि शेजारच्या मॉरीनच्या नवऱ्याचा ब्रास बँड,
कॅसेटवरून उतरवून घेतलेला.
त्यात मधेच कुणीतरी खोकतं.
मॉरीन म्हणते, तो रॉनच.
मला तो खोकलाही नीट ऐकू यायला हवा.

रेबवारने कपाळाला आठी घातली,
डॉक्टर घालतो तशी.

पहिला जोड, आठ पौंड.
सगळ्याचीच मिरवणूक झाली.
मारव्याच्या पुढे ढोल, रॉनच्या खोकल्यामागे ढोल.
दुसरा, बारा. ह्याला नुसतं छप्पर होतं, जमीन नव्हती,
बायकांचे आवाज पत्र्यावर नखं ओढल्यासारखे.
तिसऱ्याला हात लावला तर तो म्हणाला, हा चाळीस.
मी हात मागे घेतला, तव्यावरून घ्यावा तसा.

मग त्याने खालच्या खणातून काढला एक,
खोका हरवलेला, काळा, साधा. चौदा.
आधी स्वतःच्या कानात घालून पाहिला,
त्याच्या गावचा डफ लावून, डोळे मिटून.
मग शर्टाला पुसून मला दिला.

तानपुरा लावला.
जवारी उमटली,
ओल्या फडक्याखाली मधमाशी अडकावी तशी,
तारेखालचा दोरा केसभर इकडे की तिकडे
तेही कळावं इतकी.
रॉन खोकला. खोलीच्या उजव्या कोपऱ्यात, दाराशी.
बायका भांडल्या, समसमान.

तरी मी मुरलेली गिऱ्हाईक.
म्हटलं, डावीकडे कमी वाजतंय, नग खराब आहे,
दोन पौंड सोड.

रेबवार म्हणाला, उलटे घाल.

घातले. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे.
कमी होतं ते
डावीकडेच राहिलं.

मासळीवाला बर्फ फोडत होता.
आम्ही दोघंही थोडा वेळ ते ऐकत बसलो,
तो दोन कानांनी.

अकरा वर्षं मी कॅरव्हॅनच्या गाद्या ठोकते.
स्टेपल-गन उजव्या हातात, पण पलीकडे हेलनची गन,
ती माझ्या डाव्या खांद्याशी.
कंपनीने कानाला पिवळ्या वाट्या दिल्यात, सक्तीच्या.
डावी मीच जरा वर सरकवून ठेवायची,
रेडिओवर बरं काही लागलं तर चुकू नये म्हणून.

चौदा मोजून दिले.
तो बारा म्हणाला, मी ऐकलं नाही.
म्हणजे ऐकलं. उजव्या कानाने.

बसथांब्याशी दुधी रंगाची टेलिफोनची खोली आहे,
आत फोन आहे, बोलणारं कुणी नाही.
तिच्या आडोशाला, हंबरवरून येणाऱ्या वाऱ्याला पाठ करून
मी मारवा लावला.
तबला उजवीकडे, तानपुरा डावीकडे, दूर,
कुणीतरी दुसऱ्या खोलीत लावत बसल्यासारखा.
अर्ध्या वाटेवर इअरफोन उलटे केले:
आता तबला दुसऱ्या खोलीत गेला.

सोमवारी हेलनला म्हणायचं, जागा बदलूया का.
आणि वाटी खाली.
रेडिओवर काय लागलं होतं
ते ग्राझिना सांगेल गाऊन,
बेसूर, पण दोन्ही कानांना पुरेल इतकं मोठ्यानं.