दुसरी भेग

देवगडच्या दवाखान्यामागे, खाडीच्या उताराला
जांभ्या दगडाची एक खोली आहे.
तिच्या दाराचं कुलूप एकोणीस वर्षं माझ्याकडे.
पगारपत्रकावर मी शिपाई.
गावात आणखी एक नाव आहे, ते जाऊ दे.

करवत धरायला झिलूदादाने शिकवलं.
घेतलेली असली तरी त्याचा हात हलत नसे.
म्हणायचा, डोक्याक खोटा बोलूक येना नाय रे,
ता काम तोंडाचा.

माडावरून पडलेला मी ओळखतो.
उताणा आपटतो, मार मागे दिसतो,
आणि मेंदू काळानिळा होतो पुढे, कपाळाच्या आत:
होडी धक्क्याला नाळ लावते
आणि तळातलं पाणी हेलकावून
पिछाडीला फुटतं, तसं.
उभ्या माणसाला कुणी हाणलं
तर मार जिथे, काळं तिथेच.
एवढंच शास्त्र. बाकी सवय.

अमजद होडेकरच्या कानशिलावर
विंचच्या दोराचा पीळ उमटला होता,
पेड मोजता आले असते.
हायवेवरून येतात ती पोरं,
हेल्मेट हँडलला, शाबूत,
त्यावर ओरखडासुद्धा नाही.
खाणीतला एकजण स्वतः चालत आला,
चहा प्यायला, डोकं जड झालंय म्हणाला,
आणि रात्री माझ्याकडे.

टेकबहादूर एप्रिलात आला,
बागेच्या पिकअपमधून, रिकाम्या पेट्यांच्या मध्ये.
केसांत पेंढा, आंब्यांखाली घालतात तो.
झाडावरसून पडलो, मुकादम म्हणाला.
हवालदार म्हणाला, सीझन आहे, आटपा लवकर.
राखणदार नेपाळी. विचारणारं कोण?

डॉक्टर शलाका तोडणकर नव्या, रुजू होऊन दोन महिने.
वीज गेली. मी मोबाइलचा टॉर्च धरला.
कातडी मागे घेतल्यावर हाड दिसलं, ओलं, पिवळट,
त्यावर एक भेग कानामागून निघून
पार टाळूपर्यंत, मोकळी, बिनअडथळा.
दुसरी वरून आलेली
आणि पहिलीपाशी येऊन थांबलेली.
वाटेत ओहोळ आडवा आला की
गुरं थांबतात तशी, काठावर.

फुटलेल्या हाडातून जोर पुढे जात नाही.
म्हणजे अडलेली ती नंतरची.
म्हणजे मध्ये वेळ होता.
हात पुन्हा वर न्यायला लागतो तेवढा.

डॉक्टरांनी त्या जागेवर तीनदा बोट फिरवलं.
मग मान वर न करता म्हणाल्या,
दादा, तुम्हाला काय वाटतं?
एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
टॉर्च हलला. मी म्हटलं,
मॅडम, झाड माणसाला एकदाच टाकतं.

त्यांनी लिहिलं. सावकाश, अक्षर गिरवत.
हवालदार बाहेर जाऊन तंबाखू मळत राहिला.
पुढचं मला माहीत नाही.
ओरोसहून दोनदा समन्स आलं,
दोनदा तारीख पडली.
त्या बागेचे आंबे वाशीला गेलेच,
भावही बरा मिळाला म्हणे.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला, रत्नागिरीकडच्या बागेतून.
दाराशी चपला काढून उभा,
देवळात काढतात तशा.
कुणी मारलं, विचारलं नाही.
किती पैसे मिळतील, नाही.
इतकंच:
त्याला खूप दुखला काय?

मी म्हणालो, नाही.
पहिल्यानंतर त्याला काही कळलं नसेल.
दुसरा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

हे हाडावर कुठे नव्हतं.
भेगा कोण आधी, कोण नंतर ते सांगतात,
दुखण्याचं काही सांगत नाहीत.
त्याने मान हलवली, चपला घातल्या.
मी कुलूप लावलं.
तोंडच ते.